भरतीची वाट पाहिली नाही म्हणून

हे गेल्यानंतर अकरा महिने मी देवाला हात जोडले नव्हते. आमच्या शारजाच्या फ्लॅटमध्ये फ्रिजच्या शेजारी भिंतीला ठोकलेला छोटा देव्हारा होता. त्याचं दार मी लावून घेतलं ते लावूनच घेतलं. शेहेचाळीस वर्षांचा, सिगारेट न ओढणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस सकाळी ऑफिसला जातो आणि दुपारी हॉस्पिटलमधून फोन येतो, तर मग रोज घासूनपुसून लख्ख केलेल्या त्या निरांजनाचा उपयोग काय, असा माझा सरळ सवाल होता. मी इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. उत्तर आलं नाही की ते गणित मी पुढे नेत नाही.

घरात मी आणि तेरा वर्षांची सानिका. नोकरी माझी स्वतःची होती, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नव्हता. लोक येत होते, डबे देत होते, 'काही लागलं तर सांग' म्हणत होते. मला एवढंच लागत होतं की माझ्याकडे कोणी दयेनं बघू नये. शेजारच्या वहिनी तर मी गाडीची किल्ली उचलली तरी विचारायच्या, "एकटीच जाणार?" त्या 'एकटीच'चा मला इतका राग यायचा की शेवटी मी खरोखरच एकटीनं काहीतरी करून दाखवायचं ठरवलं.

आमच्याकडे एक कनू होती, लहानशी निमुळती होडी. ह्यांनी ती मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज सहकाऱ्याकडून घेतली होती. हिरव्या फायबरची, दोघांची, वल्हवायला हलकी. थंडीच्या दिवसांत गुरुवारी दुपारी ती गाडीच्या टपावर बांधायची, उम्म अल क्वैनच्या खोरात उतरवायची, खारफुटीतून वल्हवत आतल्या एखाद्या वाळूच्या बेटावर तंबू ठोकायचा आणि शुक्रवारी दुपारी जेवायला घरी, असा आमचा सात-आठ वर्षांचा शिरस्ता होता. खोर म्हणजे समुद्राचं जमिनीत शिरलेलं उथळ पाणी. एखाद्या तळ्यासारखं शांत दिसतं, पण भरती-ओहोटी त्यालाही चुकलेली नाही.

भरती-ओहोटी ही तर माझी मक्तेदारी. मी गुहागरकडची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्या वडिलांनी मला पाढ्यांबरोबर शिकवलं होतं. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हे पुण्याचे, नदीवरच्या बोट क्लबात वल्ही मारायला शिकलेले. नदीला कसली भरती! त्यामुळे निघायची वेळ ठरवताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून हुकूम सोडायचे आणि हे मान डोलवायचे. कधी म्हणायचे, "अजून एक चहा घेऊ, मग निघू," कधी म्हणायचे, "आज जरा लवकरच आटपू या." पण माझं गणित कधी चुकलं नाही, असं मी चारचौघांत सांगत असे.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी सानिका एका मैत्रिणीकडे राहायला जाणार होती. मी शाळेतल्या बायकांबरोबर कॅम्पला चालले आहे, असं तिला सांगितलं. वहिनींनाही तेच. कनू टपावर चढवायला वॉचमन आला, तेव्हा सानिका बाल्कनीतून ओरडली, "आई, यू कान्ट इव्हन पार्क स्ट्रेट!" मी हसून हात हलवला. आपण कुठे आहोत हे जगात एकाही माणसाला माहीत नाही, ही गोष्ट तेव्हा मला मोठी पराक्रमाची वाटली होती.

त्या दिवशी षष्ठी. म्हणजे साडेचारला भरती. चारच्या सुमाराला मी पाण्यात उतरले. पाणी जरा कमी वाटलं, पण फार दिवसांनी आलोय म्हणून असेल, अशी मनाची समजूत घातली. एकटीनं वल्हवताना कनूचं पुढचं टोक सारखं वर येत होतं, म्हणून पाण्याचे कॅन पुढे ठेवले. सहा वाजता नेहमीच्या बेटाला लागले. तंबू लावला, पोळीभाजी खाल्ली आणि नऊ वाजता झोपले. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण त्या भीतीतही एक ताठा होता.

जाग आली तेव्हा उजाडत होतं. बाहेर डोकावले तर पाणीच नव्हतं. बेटाच्या वाळूपासून पुढे नुसता करडा, ओला, चकाकणारा चिखल, आणि शंभर-सव्वाशे पावलांवर मधल्या खोल वाटेत तेवढं पाणी. मी हिशेब केला. आज सप्तमी, भरती सव्वापाचला होऊन गेली. म्हणजे आता ओहोटी चालू आहे आणि अकरा वाजेपर्यंत हे पाणी आणखी आणखी उतरत जाणार. पुन्हा भरती थेट संध्याकाळी. सानिकाला बारा वाजता आणायचं कबूल केलं होतं, आणि भिजेल म्हणून मोबाइल गाडीतच ठेवला होता. मी पोचले नाही तर ती शाळेतल्या बायकांना फोन लावणार, आणि त्या म्हणणार, कसला कॅम्प? एक मिनिटही थांबणं परवडणारं नव्हतं. भरतीनंतर तासाभरातच एवढं पाणी उतरलं कसं, हा प्रश्न त्या घाईत मला पडलाच नाही. वाटेतलं पाणी आटायच्या आत कनू तिथवर ओढत न्यायची, असं मी ठरवलं. तंबू गुंडाळला, सामान आत टाकलं, दोरी मनगटाला गुंडाळली आणि चिखलात पाय ठेवला.

पहिली तीस-चाळीस पावलं घोट्यापर्यंत. कोकणातल्या मुलीला चिखलाचं काय कौतुक! मग एका पावलाला वरचा पापुद्रा फुटला आणि उजवा पाय गुडघ्याच्या वर आत गेला. तो काढायला डावा रोवला, तर तो त्याच्याही खाली गेला. मी जोर केला. जितका जोर केला तितकी खाली गेले. पाच-सात मिनिटांत दोन्ही पाय मांड्यांपर्यंत रुतले आणि खाली तळ असा लागेचना. दोरी मनगटाला होती, कनू दहा-बारा फुटांवर मागे होती, पण मी वळूही शकत नव्हते. दोरी हिसकायला गेले की मीच आणखी खाली जायचे. बर्फासारखा गार चिखल पायांना सगळीकडून धरून होता.

मी ओरडले. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. दूरवर बगळे होते, ते उडाले. शुक्रवारची सकाळ, सगळा देश झोपलेला. आणि मग समोरच्या चिखलातल्या एका बारीक चरातून पाण्याची जीभ सरकत पुढे आलेली मला दिसली. मला कळेना. हिशेबानं पाणी जायला हवं होतं आणि ते येत होतं. थोड्या वेळानं दुसऱ्या चरातून आलं. मग ते माझ्या मांड्यांभोवती फिरलं, आणि तेव्हा माझी पाचावर धारण बसली. काल संध्याकाळी मी वल्हवत आले तेव्हा इथे किती पाणी होतं ते आठवलं. उभ्या माणसाला ते कमरेच्या वर आलं असतं. मी मांड्यांपर्यंत जमिनीत होते.

तेव्हा मी देवाशी बोलले. प्रार्थना केली असं सांगायला आवडलं असतं, पण मी त्याला शिव्या घातल्या. एकाला नेलंस, पोट भरलं नाही का? ती पोरगी बारा वाजता दप्तर घेऊन दारात उभी राहील, तिला काय उत्तर देशील? अकरा महिन्यांचं सगळं बाहेर आलं. रडले, ओरडले, पुन्हा पाय उपसायचा प्रयत्न केला आणि कमरेपर्यंत गेले. मग ताकद संपली. पाणी पोटाला लागलं होतं. मी म्हटलं, बाबा रे, मला जमत नाही. मला आता काहीच येत नाही. हे मोठ्यानं म्हटलं की मनात, ते आठवत नाही.

"ऐ बहेन! हिलना नहीं!"

आवाज समोरच्या खोल वाटेतून आला. पांढरा पायघोळ कंदूरा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, डोक्याला फडकं गुंडाळलेला एक म्हातारा अरब लहानशा होडीत उभा होता. इथले जुने लोक छान हिंदी बोलतात. त्याच्या आणि माझ्यामध्ये साठेक पावलांचा चिखल असेल, आणि त्यावर होडी तरंगेल एवढं पाणी अजून नव्हतं.

"इधर आओ! मदद करो!" मी ओरडले.

"मैं आएगा तो मैं भी जाएगा," तो शांतपणे म्हणाला. "तुम सो जाओ."

मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे.

"सो जाओ! पेट पे. हाथ लंबा करो. ताकत खलास करो, ताकत नहीं लगाना."

"पानी आ रहा है! डूब जाऊँगी!"

"खडा रहेगा तो डूबेगा. यल्ला, सो जाओ."

आमच्याकडे बायका साष्टांग नमस्कार घालत नाहीत. गुडघे टेकून, वाकून नमस्कार. लहानपणी भावाचं बघून मी देवळात आडवी पडले होते, तर आईनं दंडाला धरून उठवलं होतं. आणि आता चिखलावर चार बोटं पाणी चढलेलं असताना एक परका माणूस मला त्या चिखलात पालथं पडायला सांगत होता. अंगातला कण अन् कण नको म्हणत होता. उभं राहिलं तर निदान नाक तरी वर होतं. पण मघाशी 'मला काहीच येत नाही' म्हटलं होतं, ते बहुधा खरं होतं. मी हात पुढे पसरले आणि छाती, पोट सगळं त्या चिखलावर टाकलं, हनुवटी तेवढी पाण्याबाहेर.

मी बुडाले नाही. चिखलानं मला वर धरलं. उभी होते तोवर मला गिळत होता तोच चिखल. म्हातारा वाटेतून सूचना देत होता, एका वेळी एक पाय, हळू, जल्दी नहीं, इन्शाल्ला निकलेगा. मधेच थांबायला सांगायचा. पाणी भोवती खेळायला लागलं तसा चिखल पातळ झाला आणि बऱ्याच वेळानं उजवा पाय सुटला. मग डावा. मग पडल्यापडल्याच त्यानं मला दोरी ओढायला लावली, आणि मघाशी जागची न हललेली कनू आता पाण्यावरून आपसूक माझ्याजवळ आली. मी तिच्यावर पोट टाकलं आणि कशीबशी आत कोसळले. अर्ध्या तासानं सगळा चिखल पाण्याखाली होता आणि कनू तरंगत होती.

त्यानं मला आपल्या होडीच्या मागे बांधून किनाऱ्यापर्यंत आणलं. वाटेत पाण्याची बाटली आणि खजूर दिले. मग रागवायला लागला. "अकेली क्यों आया? आदमी किधर?"

"नहीं है," मी म्हटलं. "गुजर गए."

त्यानं आणखी एक खजूर पुढे केला. मग विचारलं, "पानी का टाइम नहीं देखा?" मी त्याला तिथीचं गणित सांगितलं, चंद्र, पाऊणपट, सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं. "वो तुम्हारे गाँव का है," तो म्हणाला. "चाँद एक है, पर हर खोर का अपना दिमाग है. इधर अंदर पानी बहुत देर से आता है. तुम बैठ के चाय पीता, पानी खुद आता तुमको लेने."

मी त्याचे आभार मानायला लागले, तर त्यानं हात झटकला. शुक्रवारी तो पाण्यात येत नाही म्हणाला. जुम्म्याची नमाज असते, अंघोळ, नातवंडं. पण पहाटे पाहतो तर होडी जागेवर नव्हती. दावं कसं सुटलं ते त्याला माहीत नाही, चाळीस वर्षांत सुटलं नव्हतं. भावाची होडी घेऊन शोधायला निघाला, तर त्याची होडी वाहत येऊन खारफुटीला टेकलेली, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. भावाची तिथेच बांधून तो स्वतःच्या होडीत चढला, तेव्हा त्याला मी दिसले. "मुझे लगा बोट चोरी हुआ," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. मला हसू आलं नाही. हातातला खजूर कधी खाली पडला ते कळलंच नाही.

गाडीत बसल्यावर हात पुसायला कागद शोधत होते. डॅशबोर्डच्या खणात ह्यांच्या कागदांखाली एक पाकीट निघालं. त्यात वर्तमानपत्रातली भरती-ओहोटीच्या वेळांची कात्रणं होती. नीट कापलेली, तारखेवार लावलेली, प्रत्येक फेरीची. 'अजून एक चहा घेऊ', 'जरा लवकर आटपू' या वाक्यांचा अर्थ मला तिथे, त्या वाळूत उभ्या गाडीत कळला. माझं गणित कधी चुकलं नव्हतं, कारण शेजारी बसलेला माणूस काही न बोलता ते बरोबर करून घेत होता. मी ते पाकीट छातीशी धरून रडले. इतके महिने रागावले होते, ह्यांच्यासाठी रडले मात्र नव्हते.

सानिकाला घ्यायला दोन तास उशिरा पोचले. ती दारातच होती, तोंड फुगवून. माझा अवतार बघून म्हणाली, "यू स्टिंक, आई. व्हॉट हॅपन्ड?" आणि मग त्या चिखलासकट मला घट्ट धरून राहिली. तिला सगळं खरं सांगितलं. वहिनींनाही. त्यांनी लगेच पाणी तापत ठेवलं, आणि ती दया मला त्या दिवशी टोचली नाही.

चमत्कार झाला का, असं मला कोणी विचारू नये. दावं जुनं असेल, वारा असेल. एवढंच माहीत आहे की जोवर मी माझ्या बळावर उभी होते तोवर खालीच चालले होते, आणि बळ सोडून आडवी झाले तेव्हा मला धरायला काहीतरी खाली होतं. ते नेहमीच तिथे असावं. मी त्यावर कधी भार टाकला नव्हता.

त्या संध्याकाळी अंघोळ करून देव्हाऱ्याचं दार उघडलं. ह्यांना का नेलंस, हा प्रश्न तसाच होता. आजही आहे. तो सुटल्याशिवाय वाकायचं नाही, असा माझा हट्ट होता. त्या दिवशी प्रश्न बरोबर घेऊनच खाली बसले. सानिका मागे उभी राहून बघत होती. आधी गुडघे टेकले, नेहमीसारखे. मग स्वयंपाकघरातल्या त्या थंडगार फरशीवर हात लांब केले आणि पूर्ण आडवी पडले. आईनं पाहिलं असतं तर दंड धरून उठवलं असतं. मी मात्र बराच वेळ उठले नाही.