जिन्यातला पलंग

आत्या माझ्या नवऱ्याची. पण ती आमच्याकडे राहायला आली आणि महिनाभरात मी तिला फितवलं, असं नवरा म्हणतो. म्हणू दे. त्याचा जळफळाट आहे तो.

आत्या एका हॉटेलात चादरी सांभाळायच्या. धुऊन आलेल्या मोजून घ्यायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या आणि माणूस कमी पडलं की स्वतः जाऊन खोल्याखोल्यांतले बिछाने घालायच्या. तिथे सगळे त्यांना चादरबाई म्हणत. लग्न का नाही केलं, असं विचारलं तर म्हणतात, "दिवसभर दुसऱ्यांचे बिछाने घालून इतकी झोप यायची, नवरा शोधायला जागं कोण राहणार!"

स्वतःची खोली म्हणून त्यांना कधी मिळालीच नाही. आधी हॉटेलच्या मागच्या खोलीत चौघींमध्ये एक, मग भावाच्या घरी जाण्यायेण्याच्या वाटेवर अंथरूण. कुणी पाणी प्यायला उठलं की यांच्या पायाला अडखळणार आणि वर यांनाच बोलणार. नोकरी संपल्यावर त्या आमच्याकडे आल्या तेव्हा आम्ही त्यांना खिडकीची खोली दिली. येताना त्यांनी एक पलंग आणला. हॉटेलने जुनं सामान काढलं, त्यातला मागून घेतलेला. ज्या पलंगावर इतकी वर्षं चादर घातली, त्यावर पाठ टेकायला बाईला म्हातारं व्हावं लागलं. पहिल्या दिवशी त्या नुसत्या कडेला बसून राहिल्या होत्या, पाहुण्यासारख्या.

मग मला दिवस गेले आणि माझी झोप सुरू झाली. लोकांना उलट्या होतात, मला झोप. भाजी निवडताना झोप, फोनवर आईशी बोलताना झोप. सातवा सरता सरता तर जागेपण कुठे संपतं आणि झोप कुठे सुरू होते, तेच कळेनासं झालं. दुपारी पडदा हलायचा, भिंतीवर उन्हाचा तुकडा सरकायचा, आणि मला दिसायचं की घरात हळूहळू पाणी भरतंय. टेबल, खुर्च्या, कपाट, सगळं अलगद तरंगतंय. भीती म्हणून वाटायची नाही. आत्या त्या पाण्यातून चालत यायच्या, हातात दुपट्यांच्या घड्या. डोळे उघडावेत तर आत्या खरंच समोर, घड्या खरंच हातात, फक्त फरशी कोरडी.

या सगळ्यात एक भीती मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. बाळ रडलं आणि मी उठलेच नाही तर?

कॉट घ्यायला आम्ही तिघं गेलो. दुकानाचा अख्खा वरचा मजला बाळांच्या सामानाचा. कॉट, खणांची कपाटं, हातभर लांबीच्या गाद्या. एवढुशा जगात मीच एक अवाढव्य. नवऱ्याला पांढरी कॉट हवी होती, मला लाकडाच्या रंगाची. जुंपलीच आमची. विक्रेता बिचारा एकदा याच्याकडे बघतोय, एकदा माझ्याकडे.

"बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी," आत्या म्हणाल्या. "ज्याला झोपायचंय त्याला तर येऊ द्या!"

शेवटी मीच जिंकले. मग पाय दुखले म्हणून बाळाला पाजायच्या झुलत्या खुर्चीत टेकले. खुर्ची मऊ, दुकान गार. पुढचं पाण्यातच झालं. कॉटची होडी झाली होती, आत एक जीव पाठमोरा बसला होता आणि दूर जाता जाता मला विचारत होता, "चालेल ना?" आवाज कसा ओळखीचा, अगदी आपल्या माणसाचा. मी म्हटलं, "हो, हो, चालेल." जाग आली तेव्हा आत्या माझ्या शेजारी बसून माझा हात थोपटत होत्या. डोळे जरा लाल. मला वाटलं, दुकानातल्या गारव्याने.

कॉट आली त्या सकाळी मी बाहेरच्या खोलीत घोरत पडले होते. जिन्यातल्या आरडाओरड्याने उठले.

"आधी तुम्ही मागे व्हा!"

"अहो, मागे कुठे होऊ? भिंतीत?"

दार उघडून चार पायऱ्या उतरले. जिन्याच्या वळणावर खालून कॉटची खोकी घेऊन दुकानाची माणसं, त्यांच्या मागे माझा नवरा. आणि वरून एक पलंग घेऊन हॉटेलातले इस्त्रीवाले काका आणि त्यांचा जावई. पलंग आत्यांचा. मला वाटलं, हे स्वप्नच. तरंगतच असणार तो. म्हणून मी त्यावर बसले. कडक लागला.

"ताई, जरा उठता का?" इस्त्रीवाले काका घामाघूम झाले होते. "चादरबाईंनी मला दिलाय."

"का म्हणून?"

वरून आत्या आल्या. "अगं, आता खोली बाळाची. माझं धूड कशाला तिथे? मी परवा मैत्रिणीकडे चालले राहायला. ती एकटीच असते."

"आणि हे ठरवलं कुणी?"

"तुला विचारलं की दुकानात! मी जाते, खोली मोकळी करते, चालेल ना? तू हो म्हणालीस. दोनदा म्हणालीस."

नवरा खालून ओरडला, "आत्या, ही झोपेत कशालाही हो म्हणते! काल मला चोर समजून चहा विचारला हिने!"

"मी उठणार नाही इथून," मी म्हटलं. "हा पलंग खाली जाणार नाही. खोली म्हणे मोकळी करते! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" आणि तोंडाचा पट्टा असा चालू असतानाच मला रडू फुटलं. "बाळ रडलं आणि मी उठलेच नाही तर? तुम्ही नसलात तर मी काय करू?"

आत्यांचा चेहरा एकदम उजळला. "एवढंच ना! मग मी राहते. बाहेर सतरंजीवर पडेन. तू हाक मार, नाहीतर एक घंटी ठेव उशाशी. हॉटेलात घंटी वाजली की मी पहिल्या टोल्याला…"

"नकोय मला घंटी!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचं दार उघडलं. "उठीन मी. हा उठेल, याला काय धाड भरलीय! तुम्ही काही करायचं नाही. बाळाचं नाही, आमचं नाही. तुम्ही नुसत्या इथे असा."

"नुसती?" आत्यांनी विचारलं.

"नुसत्या."

त्या मटकन पायरीवर बसल्या. पदर डोळ्यांना लावला, मग तोंडावरच ओढून घेतला. "जन्मात मला असं कुणी म्हणालं नव्हतं गं," त्या आतून म्हणाल्या.

इस्त्रीवाले काकांनी नाक ओढलं आणि जावयाला म्हणाले, "बघतोस काय? वर घे."

पलंग वर गेला, मागोमाग खोकी. नवऱ्याने कॉटची एक बाजू उलटी बसवली, पुन्हा खोलली, पुन्हा बसवली. पलंगाशेजारी ती जेमतेम मावली. कॉटबरोबर घेतलेल्या खणांच्या कपाटाला जागा उरली नाही, ते बाहेरच्या खोलीत गेलं.

दुपारी आत्या सवयीने चादर घेऊन पलंगाकडे निघाल्या. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः घातली. एक कोपरा वर आला, मधे ही एवढी सुरकुती. आत्यांचे हात शिवशिवत होते, पण ते त्यांनी पदरात गुंडाळले. आडव्या झाल्या. दिवसाढवळ्या, जन्मात पहिल्यांदा.

पडदा हलत होता. रिकाम्या कॉटच्या गजांच्या सावल्या त्यांच्या अंगावर पडल्या होत्या.

"एवढंच करायचं?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"एवढंच."

"जमेल असं वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि झोपून गेल्या.