घरटी एक माणूस

पुस्तकाचं एक पान सुटलं होतं. ते चिकटवायचं सोडून जनी वाचत बसली, आणि तिथून तिच्या जिवाला घोर लागला.

रत्नागिरीतल्या एका वाचनालयात ती कामाला आहे. झाडलोट करायची, कपाटं पुसायची आणि फाटक्या पुस्तकांना खळ लावायची. खळ ती घरीच शिजवते, मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. सकाळच्या एसटीने काजरकोंडाहून यायचं, संध्याकाळच्या एसटीने परत जायचं. नवरा भागोजी मुंबईला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. तो शिमग्याला येतो आणि गणपतीला येतो. एरवी फोनवर "जेवलीस काय?" एवढं विचारतो आणि गप्प बसतो. असा संसार रेटत रेटत जनी पन्नाशीला आली. वाचनालयात इतकी वर्षं काढून तिने पुस्तक म्हणून काही वाचलं नव्हतं. हलवाई कुठे पेढे खातो!

हे पुस्तक दूरच्या कुठल्याशा देशातल्या एका बाईने लिहिलेलं, मराठीत उतरवलेलं. बाई शाळेत शिकवायची. त्या देशात लष्कराचं राज्य होतं, सरकारविरुद्ध ब्र काढला की माणसाला उचलत. तिलाही उचललं. तुझ्याबरोबर आणखी कोण कोण होते ते सांग, म्हणून छळ छळ छळलं. तिने एकही नाव सांगितलं नाही. तिकडची नावं जनीच्या जिभेला वळेनात, म्हणून ती तिला नुसतं "मास्तरीण" म्हणायची.

सुटलेलं पान होतं मास्तरणीला पकडलं त्या दिवसाचं. ती लपली होती ते घर शिपायांना सापडत नव्हतं. शेजारच्या बाईला त्यांनी दारात उभं करून विचारलं. शेजारणीने तोंड उघडलं नाही, नुसतं त्या घराकडे बोट केलं. खाली मास्तरणीने लिहिलं होतं, 'तिच्यावर माझा राग नाही. तिला दोन मुलं होती.' बस्स. पुढचं सगळं पुस्तक तुरुंगाचं. शेजारीण पुन्हा कुठे आलीच नाही.

"जनीताई, चिकटलं का ते पान?" ग्रंथपाल सानिका मॅडमनी दुपारी विचारलं.

"खळ पातळ झाली मॅडम, उद्या करते," जनी म्हणाली. खळ चांगली घट्ट होती.

तिला त्या शेजारणीने धरून ठेवलं होतं. बोट केलं, शिपाई गेले, मग तिने काय केलं? दार लावून घेतलं? पोरांना जेवायला वाढलं? दुसऱ्या दिवशी नळावर गेली असेल तेव्हा बाकीच्या बायका सरकून उभ्या राहिल्या असतील का? मास्तरणीने राग नाही म्हणून लिहिलं आणि ती मोकळी झाली. पण त्या बाईचं काय? जनीला मास्तरणीचा चक्क राग आला. एवढं जाडजूड पुस्तक लिहिलंस आणि तिला दोन ओळी?

राग यायला कारण होतं. जनीला बोट करायला सांगितलेलं होतं.

झालं होतं असं. काजरकोंडाच्या वरच्या अंगाला मोठा सडा आहे, सगळा कातळ. पावसाळ्यानंतर तिथे गुरांना गवत मिळतं आणि त्याच्याच पोटातून वाडीच्या विहिरीचं पाणी येतं. कुठल्याशा कारखान्यासाठी त्या सड्याची मोजणी करायला माणसं येणार असल्याची बातमी लागली. अशा वेळी गावात हाक फिरते, 'घरटी एक माणूस!' विहीर उपसायची असो, ओढ्यावर साकव बांधायचा असो की पालखीची वाट साफ करायची असो, प्रत्येक घरातून एक माणूस जायलाच हवं. मग देवळापुढे धोंडू गुरव घरागणिक नाव घेतो, "अमक्याच्या घरातना कोन आला?" आणि आलेल्या माणसाने "हाय" म्हणायचं. नाव घरातल्या पुरुषाचं. पण वाडीतले पुरुष सगळे मुंबईला, तेव्हा भागोजीच्या नावाला "हाय" म्हणत जनीच उभी राहते, लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून.

त्या दिवशी धोंडू तापाने पडला होता. हाक मारायला कोणी नाही. तेव्हा जनीच्या शेजारची गोदूबाई उठली, सत्तरी उलटलेली, एकटी, गुडघ्यांनी अधू. काठी आपटत दारोदार फिरली आणि हाक देऊन आली. घरटी एक म्हणून बायका निघाल्या, सड्यावर जाऊन मोजणीच्या मशीनपुढे बसल्या. मशीनवाले परत गेले. बायका भाकरी खाऊन घरी आल्या. त्यांच्या लेखी पालखीची वाट साफ केली तसंच तेही एक काम झालं.

पोलिसांच्या लेखी तो बेकायदा जमाव होता. कोणीतरी काढलेल्या व्हिडिओत जनी पुढेच बसलेली, वाचनालयाची निळी छत्री उघडून. ठाण्यात तिला बोलावणं आलं.

तिथला संदेश हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काकी, तुमी साधी मानसं. तुमाला कोनीतरी पुढं केलान. हाक कोनी मारली, तेवढा एकच नाव सांगा. मग तुमचा नाव मी साक्षीदारात टाकतो."

जनीने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"रितेशची भरतीची फाईल आमच्याकडेच आली हाय, चारित्र्य पडताळनीला," तो कागद सारखे करत म्हणाला. "आईवर गुन्हा असला तर वर काय लिहायचा, तुमीच सांगा. मंगळवारी या. विचार करून या."

धमकी म्हणावी तर आवाज चढलेला नाही. दम दिला असता तर जनी निदान चिडली तरी असती.

रितेश तिचा एकुलता एक. पोलीस भरतीसाठी तो तीन वर्षं त्याच सड्यावर पहाटे पळला होता. दोनदा थोडक्यात हुकला, या वेळी यादीत नाव आलं. भागोजीने सोसायटीत पेढे वाटले. आता एवढी पडताळणी झाली की पोराला वर्दी मिळणार होती. ती झाली नाही तर बापाच्या जागी गेटवर उभं राहायचं.

"आये, एक नाव," रितेश चुलीशी उकिडवा बसून म्हणाला. "गोदूआजीला कोन काय करनार हाय? ह्या वयाला आत थोडीच टाकतील?"

"टाकनार नाय ना? मग नाव कशाला मागतात?"

"ता मना काय म्हाईत!"

"तुला म्हाईत नाय, मना पन नाय."

तो ताट तसंच ठेवून उठला. जनीला वाटलं, खरंच आहे पोराचं. एक नाव. तेही म्हातारीचं. कोणाचा जीव जात नाही. आणि असं वाटलं म्हणून तिची तिलाच भीती वाटली. शेजारणीलाही आधी असंच वाटलं असणार.

सोमवारपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता. एसटीत कंडक्टरने सुटे मागितले तरी दचकायची. वाचनालयात तिने एकच कपाट दोनदा पुसलं. पान चिकटवायला घ्यायची, वाचायची आणि परत पुस्तकात सरकवायची. मास्तरीण पानोपानी धीराची. अंधारकोठडीतसुद्धा गाणी म्हणायची. जनीला गाणं सोडा, घास गिळवत नव्हता. असं धैर्य कुठून आणतात, त्याचं पुस्तकात काहीच नव्हतं. असलं तर तिला सापडलं नाही.

संध्याकाळी घरी आली तर ओटीवर गोदूबाई बसलेली. शेजारी कापडी पिशवी. तिच्यात एक लुगडं, तपकिरीची डबी आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

"काकी, कुठं गावाला चाललीस?"

"ठान्यात," गोदूबाई म्हणाली. "उद्या तू माजा नाव सांग, जने. मी तयारीच करून ठेवलंय. माजा कोन हाय मागं? ना पोर, ना नातू. मना कुठं पोलिसात भरती व्हायचा हाय?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती दात नसलेल्या तोंडाने हसली.

जनी पायरीवर बसली. सुटका अशी चालत दारात आली होती, पिशवी भरून. आता फक्त हो म्हणायचं. तिला हायसं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर खूप हायसं वाटलं. मग तिची नजर पिशवीवर गेली. गोळ्यांच्या पाकिटाला गोदूबाईने रबर लावून ठेवलं होतं, आत हरवू नयेत म्हणून.

"तुला भ्या नाय वाटत, काकी?"

"वाटता तर! कालपास्ना जुलाब लागलेत," गोदूबाई म्हणाली. "पन पोराचा नुसकान नको."

जनीने पिशवी उचलली, म्हातारीला हाताला धरून तिच्या घरी पोचवलं, लुगडं परत दांडीवर टाकलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

मंगळवारी ठाण्यात जायच्या आधी ती दोनदा लघवीला जाऊन आली तरी परत लागल्यासारखं वाटत होतं. संदेश हवालदाराने कागद पुढे ओढला.

"हां, बोला काकी. कोनी बोलावला?"

"घरटी एक मानूस जायचा असता, सायेब. आमच्या घरातना मी गेलंय."

"ता कळला. बोलावला कोनी?"

"गावानं."

"गाव म्हंजे कोन? गावाला आधार कार्ड हाय काय?"

दारातला शिपाई फिसकन हसला. एरवी जनीलाही हसू आलं असतं. हवालदार पुढे झुकला आणि हळू म्हणाला, "हाक कोनी मारली, तुमाला म्हाईत हाय काय?"

इथे कोणीही शहाण्या बाईने 'माहीत नाही' म्हटलं असतं. मिटलं असतं. पण जनीची अशी पाचावर धारण बसली होती की खोटं जुळवायला डोकंच चालेना. तोंडातून खरं तेच बाहेर पडलं.

"म्हाईत हाय. पन मी सांगनार नाय."

संदेश हवालदाराने पेन खाली ठेवलं. त्याचा चेहरा पडला.

"काकी, अवो, म्हाईत नाय असा तरी बोला!" तो जवळजवळ विनवत म्हणाला. "मी तसा लिवतो."

एकदा बोललेलं परत कसं गिळायचं? तिने नकारार्थी मान हलवली. त्याने कागदावर काय लिहिलं ते तिला उलटं दिसत होतं. स्वतःचं नाव तेवढं ओळखता आलं. साक्षीदारांच्या खाली नव्हतं.

त्या दिवशी ती उशिरा वाचनालयात पोचली आणि आधी ते पान चिकटवलं. काठाला खळ लावली, बोटाने सरळ केलं, वर जड शब्दकोश ठेवला. धीर आल्यासारखं काही वाटलं नाही. पोराचं वाटोळं केलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. मास्तरणीला हे असं झालं होतं का, हे तिला विचारावंसं वाटलं. विचारणार कोणाला?

घरी येऊन तिने रितेशला जसं झालं तसं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "सांगनार नाय, असाच बोललीस? तोंडावर?" एवढंच विचारलं. तिने "व्हय" म्हटलं. तो उठला, पळायचे बूट घातले आणि निघून गेला. आदळआपट केली असती, दोन शब्द बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती चुलीपुढे बसून राहिली. चूल पेटवायचंही सुचलं नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला हाक आली. धोंडू बरा झाला होता. "घरटी एक मानूस होऽऽ!" मोजणीवाले पुन्हा येणार होते.

जनीने तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला आणि देवळाकडे गेली. पिंपळाखाली पोलिसांची गाडी उभी होती. एक होमगार्ड मोबाईल उंच धरून आलेल्यांचं शूटिंग घेत होता. बायका पदर पुढे ओढून उभ्या होत्या. गोदूबाई काठी टेकून कोपऱ्यात. जनी मात्र मुद्दाम पुढे उभी राहिली. आपलं नाव एकदा लिहून झालंय, आता आणखी काय लिहिणार, असा तिने हिशेब केला होता. मागच्या कोणाचं तरी नाव कोरं राहू दे.

धोंडू एकेक घर घेत आला. भागोजीच्या घरापाशी आला आणि थबकला. जनीकडे बघितलं. ठाण्यातली बातमी एव्हाना वाडीभर झाली होती.

"जनीच्या घरातना कोन आला?" तो मोठ्याने म्हणाला.

तिच्या नावाने घर कोणी कधी पुकारलं नव्हतं. तिला "हाय" म्हणायला क्षणभर उशीर झाला.

"मी हाय," मागून आवाज आला. "रितेश."

तो गर्दीच्या मागे उभा होता, सड्यावरून पळत आलेला, घामाने निथळत. होमगार्डचा मोबाईल त्याच्याकडे वळला. जनीला वाटलं झडप घालून त्याच्या तोंडावर हात ठेवावा, त्याला पदराखाली घ्यावं, लहानपणी घ्यायची तसं.

"घरटी एकच," ती कशीबशी म्हणाली. "आपल्या घरातना मी आलंय. तू मागं फिर, बाबा."

पण रितेशचं 'हाय' धरून धोंडूने पुढच्या घराचं नाव घेतलंही होतं.