बंद हॉटेलातला शिंपी

जुनं हॉटेल बंद पडून वर्षं लोटली होती, पण तळमजल्याच्या कोपऱ्यात शिंपीकाकांचं मशीन अजून धडधडत होतं. ओसाड इमारतींचे फोटो काढणारी मंडळी मात्र बेधडक आत शिरत आणि म्हणत, "काका, जरा बाजूला व्हा ना, खोली रिकामी दिसायला हवी."

काकांनी वैतागून 'दुकान चालू आहे' अशी पाटी लावली, तर लोक त्या पाटीचेच फोटो काढू लागले. काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

एकदा मागच्या गेटवर चढताना एका फोटोवाल्याची पँट टर्रकन फाटली. तो ओशाळून दुकानात आला आणि कपडे बदलायच्या पडद्याआडून फाटकी पँट काकांकडे सरकवत म्हणाला, "काका, लवकर द्याल ना शिवून?"

"देतो. आधी तो कॅमेरा इकडे आण!" काका करवादले, आणि दुहेरी शिवण मारून होईपर्यंत त्यांनी तो कॅमेरा आपल्या मांडीवरून हलू दिला नाही.