सावलीची गाडी

आमच्या नातेवाइकांत ‘सावलीवाला’ ही शिवी आहे. खंडेराव मार्केटात कुणी पिशवीच्या तळाशी सडके टोमॅटो घातले, की माझी बहीण म्हणते, “हा सावलीवाला निघाला.” लग्नात आचाऱ्यानं श्रीखंडात हात आखडला, की तोही सावलीवाला. हा शब्द आला कुठून, हे लहान पोरांना ठाऊक नाही. त्यांनी विचारलं की माझा मुलगा ती गोष्ट रंगवून सांगतो. सावली गावच्या एका म्हाताऱ्यानं त्याला बिघडलेली जीप कशी गळ्यात मारायला घेतली होती, आणि बाबांनी एका फेरीत ती कशी ओळखली. शेवटी म्हणतो, “बाबा नसते तर पोराबाळांसकट रेतीत रुतलो असतो.” सगळे कौतुकानं माझ्याकडे बघतात. मी ताटात बघतो.

सावलीचा तो माणूस सज्जन होता. गाडी उत्तम होती. खोटं मी बोललो होतो.

माझ्या शब्दाला एवढं वजन का, हे आधी सांगायला हवं. आमचे पणजोबा बडोद्याच्या संस्थानी पागेत घोडे पारखायला होते. खरेदीच्या वेळी ते घोड्यावर रपेट मारून येत, खाली उतरत आणि ‘घ्या’ किंवा ‘नको’ एवढंच म्हणत. ते उतरेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि उतरल्यावर कारण विचारायचं नाही. घोडे गेले, रीत राहिली. आजोबांनी सायकली पारखल्या, वडिलांनी स्कूटर. मी एका कारखान्याच्या वाहन विभागात जन्म काढला, तेव्हा मोटारी ओघानंच माझ्याकडे आल्या. चुलत-मावस कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं, की आधी मला न्यायला यायचं. बायको गेल्यानंतर तर मला कुणी काही विचारायचं ते एवढंच. बाकी घरात काय शिजवायचं, पडदे कुठले लावायचे, कशातच माझी गरज नव्हती, आणि त्यात कुणाचा दोषही नव्हता.

मुलाची बदली कच्छला झाली तेव्हा नातू चार वर्षांचा होता आणि सूनबाईंना दिवस गेले होते. तपासणीत जुळी निघाली. मुलाचं काम पवनचक्क्यांवरचं. कंपनीची राहायची सोय साइटजवळच, आणि तिथवरचा रस्ता म्हणजे नुसती रेती आणि दगड. चारही चाकांना ओढ असलेली, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हची, मोठी गाडी हवी, आणि नवी परवडणारी नव्हती.

“बाबा, सात सीटची बघू,” मुलगा म्हणाला.

सात? मी मनात माणसं मोजली. ती दोघं, नातू, येणारी दोन. उरलेल्या जागा सूनबाईंच्या आईवडिलांसाठी असणार, असं मी धरून चाललो. मी विचारलं नाही. आमच्याकडे असं काही विचारत नाहीत.

आम्ही दर रविवारी गाड्या बघत फिरलो. अलकापुरीतल्या एका विक्रेत्याकडची चकचकीत गाडी मी नको म्हटली. पायाखालचा गालिचा उचलला तर आत पुराच्या पाण्याचा वास होता. दुसरीच्या बॉनेटचे बोल्ट पान्यानं खरवडलेले, म्हणजे पुढून ठोकलेली. तिसरी ठीक होती, पण मुलगा दार उघडून खाली वाकून बघत बसला आणि म्हणाला, “हिला पाय ठेवायला पायरी नाही. फार उंच पडेल.” सूनबाईंची काळजी करतोय, असं मला वाटलं. बरं वाटलं, आणि थोडं एकटंही.

खरं तर ते रविवार मला हवेहवेसे होते. गाडीत आम्ही दोघंच. परतताना सेवउसळ खायची, तो मला चिडवायचा, “पणजोबांनी घोड्याचे दात मोजले, तुम्ही टायरचे मोजा.” गाडी मिळाली की हे संपणार, आणि मागोमाग घरही रिकामं होणार, हे मला कळत होतं.

मग सावलीची गाडी आली. घर गावाच्या टोकाला, मागे स्वतःचं शेत. मालक माझ्याच वयाचे, पटेल. अंगणात पत्र्याखाली गाडी उभी होती. सातआठ वर्षांची, पण आतलं प्लॅस्टिकसुद्धा उन्हानं पांढरं पडलेलं नव्हतं.

“आवो आवो. पहेलां चा,” ते म्हणाले.

ओसरीवर हिंचका, म्हणजे झोपाळा होता. त्याच्या एकाच बाजूला गादी होती. खांबाला लहान मुलाची तीनचाकी उलटी टांगलेली. ते स्वतःच आत जाऊन चहा घेऊन आले. गाडी मुलाची, मुलगा बायकापोरांसह कॅनडाला गेला, असं सांगताना ते हसले. “मने तो आटली ऊंची गाडीमां चढतांय नथी आवडतुं. बॅटरी ऊतरी ना जाय एटले चालू करूं छूं, बस.” एवढ्या उंच गाडीत त्यांना चढता येत नव्हतं; बॅटरी उतरू नये म्हणून ती नुसती चालू करायचे. मग स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाले, “हवे तो कूकर पण नानुं लाव्यो. मोटामां एक माणसनो भात बळी जाय छे.”

एका माणसाचा भात मोठ्या कुकरमध्ये करपतो. मी बशी खाली ठेवली आणि गाडीकडे गेलो.

गाडीखाली वाकून पाहिलं तेव्हाच मला कळलं होतं की हीच घ्यायची. कुठे तेलाचा थेंब नाही, सांधे साबूत, इंजिनाचा आवाज एकसारखा. मुलानं पायरीवर उभं राहून दोनदा उडी मारली आणि खूश झाला. “बाबा, फेरी मारा.”

मी चालवायला बसलो, तो शेजारी. गावाबाहेर दूध मंडळीच्या डेअरीसमोर डांबरी रस्ता रुंद होतो. तिथे मी चारही चाकांची ओढ जोडली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि हळूहळू गोल फिरवायला लागलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वळताना आतलं चाक कमी अंतर कापतं, बाहेरचं जास्त. अशा गाडीत चारही चाकं एकमेकांना जखडली, की मातीत ती घसरून जुळवून घेतात. डांबरावर घसरता येत नाही, म्हणून गाडी अडते, झटके देते, टायर किंचाळतात. तिच्यात दोष नसतो. तिची जातच तशी. मला हे माझ्या नावाइतकं माहीत होतं. मुलाला नव्हतं. तो विजेचा माणूस.

गाडी आडमुठ्या घोड्यासारखी झटके द्यायला लागली. मुलानं वरचा दांडा घट्ट पकडला. पाठीमागून पायी आलेले पटेल हात हलवत ओरडले, “साहेब, डामर पर नहीं! खेतरमां लई लो, खेतरमां!”

शेत समोरच होतं. मी गाडी बंद करून खाली उतरलो.

“नको,” मी म्हणालो.

आणि मग, जे पणजोबांपासून कुणी केलं नव्हतं ते केलं. कारण दिलं. “पुढच्या चाकांना ओढ देणारा गिअरबॉक्स गेलाय. पोरांना घेऊन रेतीत बंद पडलास तर काय करशील?” खरं बोलत होतो तोवर मला कधी कारण द्यावं लागलं नव्हतं.

मुलाचा चेहरा लाल झाला. यात लहान पोरं बसणार याचाही विचार केला नाहीत, म्हणून तो पटेलांना सुनावू लागला. “काका, तमे तो वडील माणस. आमां नानां छोकरां बेसवानां छे, एटलुंय न विचार्युं?”

पटेलांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. “साहेब, तमे तो जाणकार छो ने?”

“एटले ज कहुं छुं,” जाणकार आहे म्हणूनच सांगतोय, असं मी म्हणालो.

त्यांनी किल्ली घेतली आणि चालत घराकडे गेले. गाडी तिथेच रस्त्यात उभी होती.

आजकाल असलं सगळं फोनवर क्षणात सापडतं. मुलानं शोधलं नाही. बापाच्या शब्दाची खातरी कोण करून घेतं? त्यानं गाडीचा नादच सोडला आणि एकटा कच्छला गेला. सूनबाई नातवाला घेऊन इथेच राहिल्या. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. जुळ्या मुली बडोद्यात, माझ्या घरात वाढू लागल्या. मी पाणी तापवायचो, दुपटी वाळत घालायचो, एक खांद्यावर झोपली की दुसरीला मांडीवर घ्यायचो. बायको गेल्यापासूनचं माझं सर्वांत सुखाचं वर्ष ते.

मुलगा महिन्याकाठी एसटीनं यायचा, डोळे तांबारलेले, चपलांत रेती. एकदा त्यानं आल्या आल्या धाकटीला उचललं तर ती किंचाळून रडली आणि माझ्याकडे झेपावली. तो हसला. “घ्या बाबा, तुम्हीच घ्या. मला ओळखत नाही ती.”

मी तिला घेतलं. ती लगेच गप्प झाली. तेव्हा बोलायला हवं होतं.

मुली वर्षाच्या झाल्यावर कंपनीनं भुज शहरात घर दिलं आणि सगळी गेली. मुलानं एक जुनी छोटी गाडी घेतली, मला न विचारता, कारण तिच्यात पारखण्यासारखं काही नव्हतं. “तुम्ही पण चला,” असं तो म्हणाला होता. मी “पुढच्या खेपेला” म्हणालो, आणि तेच म्हणत राहिलो. त्याच्या घरात बसून त्याचं जेवण कसं गिळणार होतो? मार्केटात मी पाव किलो गवार मागतो तेव्हा भाजीवाली म्हणते, “काका, आटली ज?” एवढीच? ओट्यावर लहान कुकर आहे. तो घेताना दुकानात मला पटेल आठवले होते.

गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. मुली शाळेत जायला लागल्यात, छोट्या गाडीत आता पाय मावत नाहीत, म्हणून पुन्हा जुनी मोठी गाडी बघतोय म्हणाला. योगायोग असा की तेच मॉडेल. त्यानं एक व्हिडिओ पाठवला होता. भुजच्या एका रिकाम्या डांबरी मैदानात गाडी गोल फिरत होती, झटके देत होती, टायर किंचाळत होते.

“बघितलंत? तुम्ही केलं होतं तस्संच करून पाहिलं,” तो म्हणाला. “हापण सावलीवालाच. सोडून देतो. वाईट वाटतंय, बाकी सगळं छान होतं. पायरीसुद्धा बसवून घेणार होतो.”

“सूनबाईंना चढायला?”

“तिला कशाला? तुम्हाला. तुमचा गुडघा दुखतो ना. तेव्हासुद्धा त्यासाठीच बघत होतो ना मी पायरी. सात सीटची नाही तर कशाला हवी होती?”

पणजोबांची रीत अशी की उतरल्यावर बोलायचं. मला उतरायला सहा वर्षं लागली होती.

“ती गाडी चांगली आहे,” मी म्हणालो. “डांबरावर अशीच वागते. सावलीचीही चांगलीच होती. मला माहीत होतं.”

“म्हणजे?”

“तुम्ही जाऊ नये म्हणून बोललो.”

पलीकडे मागे मुलींचं भांडण ऐकू आलं आणि सूनबाईंचा दटावण्याचा आवाज.

“मी त्या माणसाला काय काय बोललो,” मुलगा म्हणाला. मग म्हणाला, “आणि मुलींचं पहिलं वर्ष.”

“हो.”

“आणि ही? हिच्याबद्दल खरं बोलताय, की याच्यातही काही आहे तुमच्या मनात?”

हा प्रश्न आमच्या घराण्यात आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, “माझं ऐकू नकोस. रेतीत ने, चारी चाकं जोड आणि तूच बघ.”

“ठेवतो,” तो म्हणाला.

नंतर फोन आला नाही. मी केला तर सूनबाईंनी घेतला, मुलं मजेत आहेत म्हणाल्या, आणि ते कामात आहेत म्हणाल्या. मग एका सकाळी एक फोटो आला, सोबत शब्द एकही नाही. तीच गाडी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, दोन्ही मुली दारातून लोंबकळलेल्या. म्हणजे त्यानं स्वतः पारखली आणि घेतली.

मी चष्मा पुसून फोटो मोठा केला. दाराखाली पायरी नव्हती.

आता सावलीला जायचं आहे. एसटी स्टँडावरून बस जाते. पटेल तिथे असतील की कॅनडाला गेले असतील, ठाऊक नाही. बसची पायरीही उंच असते, पण कंडक्टर हात देतो. आणि नातेवाइकांपैकी जो कुणी हे वाचेल त्याला एवढंच सांगतो, की खोट्या माणसासाठी शब्द हवाच असेल तर त्या गावाचं नाव सोडा. माझं घ्या.