लाल मोटारीच्या चाकात नळाची पाइप

वंगण लागलेल्या भाकरीची चव कशी असते ते मला पक्कं माहीत आहे. आधी रॉकेल लागतं, मग एरंडेल, आणि शेवटी दाताखाली राख करकरते. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी असल्या भाकरी तोंड वाकडं न करता खाल्ल्या, कारण मला लाल मोटारीत बसून मिरवायचं होतं. तेव्हाची ती बया, म्हणजे मीच, आज समोर आली, तर परातीतलं उरलेलं वंगण मी तिच्या तोंडाला फासीन.

परात म्हणजे माझी, पीठ मळायची. आमचे हे तिच्यात रॉकेल ओतून बेअरिंग धुवायचे.

मोटार यांनी हैदराबादेहून आणली होती. जुनी, विलायती, शर्यतीत पळवायची. माणसं दोनच बसणार आणि वरून उघडी. कुठल्याशा जागीरदाराच्या अंगणात ती पडून होती, अन् तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. सीटच्या फटीतून पिसं आणि वाळलेली शीट शेवटपर्यंत निघत राहिली. चाकं सायकलीसारखी तारांची. त्यातलं पुढचं उजवं चाक लुळं पडलेलं. चाक ज्या तुंब्यावर बसतं, त्या हबचे दाते झिजून सपाट झाले होते, आणि आतलं बेअरिंग उचललं की गोळ्या जमिनीवर सांडायच्या. तसला हब नांदेडात कोण ठेवतो? यांनी भंगारातून जीपचा हब आणला आणि त्यावर जीपचंच चाक चढवलं. मोटार डावीकडून नवरदेव दिसायची अन् उजवीकडून फौजदार.

पण खरी घाण आत होती. जीपच्या बेअरिंगचं भोक मोठं आणि मोटारीचा आस बारीक. मधली फट भरायला बुश लागतो, म्हणजे लोखंडाची बांगडी, अगदी मापात कातलेली. ते काम लेथचं. वर्ष दुष्काळाचं, आणि गावातला प्रत्येक लेथ बोअरच्या कामाला जुंपलेला. हे एका लेथवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला, "लोकं पाण्यासाठी मरून राहिली, अन् तुम्ही मोटारीला बांगड्या भरून राहिले?"

त्याच दिवसांत मला लातूरहून नेमणुकीचा हुकूम आला. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, नव्या कचेऱ्यांना कारकून हवे होते. ठरल्या दिवशी कचेरी सुटायच्या आत रुजू व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. माहेर-सासर मिळून सरकारी नोकरी लागलेली मी पहिली बाई. सकाळची एसटी होती. कोणतीही शहाणी बाई तिच्यात बसली असती. पण माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र: व्हरांड्यात माणसं उभी, लाल मोटार थांबते, आणि गॉगल लावलेली मी उतरते. गॉगल शेजारणीचा होता, त्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.

"मोटारीतच जाऊ," मी यांना म्हणाले. "चाक तेवढं बसवा."

बुशाचा प्रश्न सासऱ्यांनी सोडवला. त्यांना मी मामा म्हणायची. नायगावकडे सारा जन्म त्यांनी दुसऱ्याची बैलगाडी हाकलेली, त्यामुळे चाकातलं आपल्याला कळतं यावर त्यांचा ठाम विश्वास. अंगणातल्या नळाला किती दिवसांत थेंब आला नव्हता. मामांनी त्याच्याकडे बोट केलं. "पाणी तर येऊन न्हाई राहिलं. कापा त्याची पाइप."

यांनी करवतीनं तुकडा कापला, उभा चिरला, आसावर गुंडाळून हातोडीनं ठोकला. गोल कसला, बटाट्यासारखा दिसत होता. मग मामांनी बैलगाडीचं वंगण आणलं. जळकं एरंडेल आणि चिपाडाची राख कालवलेला तो काळा गोळा. त्यांनी तो बेअरिंगात पुरणासारखा भरला. हे शेवटचा नट आवळायला लागले, तर मामा ओरडले.

"ए, आवळू नको! आवळलं की चाक रुसतंय. त्याला खेळ पायजे."

"बाबा, हे बेअरिंग हाय."

"मंग? फिरतंय नव्हं? फिरतंय ते चाक! हलवून बघ, खडखड वाजलं पायजे. सैल चाक वढायला हलकं, बैलाला इचार."

"बैल कुठं हाय बाबा हिला?"

"म्हणून तर तुला इचारून राहिलो!"

यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, बी.ए. झालेली बाई, म्हणाले, "मामा बरोबर म्हणतात." मला मोटार हवी होती. हत्तीचा पाय लावून दिला असता तरी मी बरोबर म्हणाले असते.

ठरल्या दिवशी सकाळी निघालो. लोह्यापर्यंत चाक नुसतं खडखडलं. पुढे जळका वास आला, तर मी म्हणाले, कुणीतरी शेताच्या कडेचा धुरा पेटवलाय. अहमदपूर मागे पडल्यावर चाक असं किंचाळलं की बाभळीवरचे कावळे उडाले. मोटार उजव्या गुडघ्यावर बसली. यांनी टोपण काढलं. आत राखेनं खरडलेल्या लोखंडाचा चकचकीत काळा चिखल, आणि नळाची पाइप बेअरिंगातून जिभेसारखी बाहेर लोंबत होती. "जरा धर गं," म्हणाले, म्हणून मी धरलं. हात पोळला, म्हणून पदराला पुसला. मग घामानं डोळे चुरचुरले, म्हणून तोच पदर तोंडाला. शृंगार पुरा झाला.

एसटी केव्हाच पुढे गेली होती. दुपार कलली तसा पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हर म्हणाला, "लातूरला जातो ताई, पण आधी पुढच्या गावात पाणी सोडायचं हाय." हे मोटार सोडायला तयार नव्हते. मी एकटीच चढले.

गावात बायका घागरी घेऊन धावल्या. टँकरची पाइप लांबवली तर ती वळवळायला लागली. टँकर लवकर रिकामा व्हावा म्हणून मी ती धरायला गेले.

"ए बाई! हात लावू नको पाण्याला!" घागर घेतलेली एक बाई ओरडली.

हेच वाक्य माझ्या आजीनं जन्मभर ऐकलं होतं, गावच्या विहिरीवर. मनात आलं, हिनं मला कुठून ओळखलं? आता हिला सोडायची नाही. तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "हात बघ की तुझे! ल्येकरांला पाजायचं हाय हे. कशात घातले हुते, गटारात?"

मी हात पाहिले. कोपरापर्यंत काळे, वर कोंबडीचं एक पीस चिकटलेलं. माझी मलाच शिसारी आली. भांडण गिळलं. तिनं पाणी दिलं नाही. खाली बोट दाखवून म्हणाली, "माती घे, चोळ." मी रस्त्याकडेला बसून माती चोळत राहिले आणि घागरी भरताना बघत राहिले. कचेरी सुटायची वेळ जवळ येत होती आणि टँकर काही संपत नव्हता.

लातूरला पोचले तेव्हा साहेब खुर्चीतून उठून चप्पल शोधत होते. व्हरांड्यात बघायला कुणीही नव्हतं. साहेबांनी माझा हुकूम दोन बोटांच्या चिमटीत धरला, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा.

"बाई, उद्या स्वच्छ होऊन या."

"न्हाई साहेब. आजची तारीख हाय."

"सही कशी करणार? कागद खराब होईल."

"होऊ द्या. नाव वाचता आलं म्हंजे झालं."

त्यांनी नाक दाबून पेन पुढे केलं. मी सही केली. खाली अंगठा उमटला, आडवा, लठ्ठ, अगदी अडाण्यासारखा. पण रुजू झाले. निवृत्त होईपर्यंत ती नोकरी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे कचेरीच्या दारात आले. बगलेत तो हब, शर्टावर वंगण. मला वाटलं, विचारतील की वेळेत पोचलीस का, जागा मिळाली का.

"अगं," हे म्हणाले, "त्या टँकरचं बेअरिंग केवढं होतं, बघितलंस का?"