वाळवंटातलं उंबराचं पाणी

शुक्रवारी सकाळी दोह्यातल्या मदिनत खलीफातून गाडी निघाली तेव्हाच माझं डोकं तडकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या शर्लीचं लग्न, आणि ऐनवेळी वसईची मैत्रीण फिलोमिना हिचा फोन, "ड्युटी बदलली गं, नाही येता येत." आता काय करायचं? आम्ही गोराईचे ख्रिस्ती. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी (नवरीच्या अंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत आणलेलं पाणी) आमच्याकडे हवंच. ते काढायचं सवाशिणीनं, म्हणून फिलोमिनाला सांगून ठेवलं होतं. मी विधवा, आणि बाकीच्या बायका संध्याकाळशिवाय मोकळ्या होणार नव्हत्या.

"ममा, इट्स जस्ट वॉटर," शर्ली म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"मग घे की नळातलं, समुद्र उकळून केलेलं!" मी फणकारले.

गाडी चालवत होता गॅरेथ, माझा होणारा जावई. वेल्सचा, तेलकंपनीत इंजिनिअर. त्याला सुट्टी नाही म्हणून लग्न दोह्यातच. नंतर तो पोरीला वेल्सला नेणार. त्याच्या घरची माणसं कशी, रीतभात काय, मला काडीचीही माहिती नव्हती. विचारावं तर दोन शब्दांत उत्तर. जीव थाऱ्यावर कसा राहणार?

तुम्हाला वाटेल, वाळवंटात विहीर कुठली! पण उत्तरेला, अल खोरच्याही पुढे, मोती काढणाऱ्यांची जुनी ओस गावं आहेत, तिथे असतात. डांबरी रस्ता संपला, वारा सुटला, दातांखाली वाळू करकरू लागली. मध्येच चाक रुतलं. गॅरेथ गाडीतली पायपुसणी टायरखाली सरकवत होता आणि मी कळशी पोटाशी धरून येरझारा घालत होते. "यल्ला, यल्ला! (चला, चला!)" मी कुणावर ओरडत होते कोण जाणे.

अखेर गाव आलं. ढासळलेल्या भिंती, एक मोडकी मशीद, आणि दगडी काठाची विहीर, वर लाकडी झाकण. शेजारच्या मळ्याचा म्हातारा अरब मालक गहवा (वेलचीची फिकी कॉफी) आणि खजूर घेऊन आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "मोतीवाला लोग इधर से पानी भरके समुंदर में जाता था. जो वापस नहीं आया, उसका औरत इधर बैठके रोता था. इसलिए पानी खारा."

मी हातातला खजूर तसाच ताटलीत ठेवला. माझे मिस्टरही इथेच वारले, दोह्याच्या हॉस्पिटलात. लग्नासाठी पाणी हवंय म्हटल्यावर म्हातारा खूश झाला. "मबरूक (अभिनंदन)! जितना चाहिए, लो." आणि तो आपल्या बकऱ्यांकडे वळला.

गॅरेथनं झाकण काढलं, दोर बांधला. मी दोन पावलं मागे सरले. शर्ली पुढे झाली तर मीच ओरडले, "नवरी कधी स्वतःचं पाणी काढते का?" आणि रडूच फुटलं. एवढी धडपड करून इथवर आले, आणि विधवेचा माझा हात दोराकडे जात नव्हता.

मग गॅरेथ बोलला. इंग्रजीतच, पण सावकाश, मला कळेल असं. "आमच्या गावाबाहेरही एक पवित्र विहीर होती. तिची राखणदार बाई झाकण घालायला विसरली, आणि रातोरात पाणी वर येऊन तळं झालं. मग गावानं दुसरी विहीर एका विधवेच्या हवाली केली. तेव्हापासून लग्नाचं पाणी विधवेनंच काढायचं. दुसऱ्या कुणी काढलेलं आमच्याकडे चालत नाही."

"खरं?"

"माझी नाइन (आजी) सांगायची." त्यानं दोर माझ्या हातात दिला.

मुलाकडच्यांची रीत म्हटल्यावर मी काय बोलणार? काढलं पाणी. कळशी काठोकाठ भरली.

परतताना शर्ली मागे झोपली. मी गॅरेथला म्हटलं, "तुमच्या विहिरीवरच्या त्या विधवेला भेटायचंय हो मला, वेल्सला आले की."

त्याचे कान लालबुंद झाले. "तळ्याची गोष्ट नाइनचीच. विधवा... ती मी घातली."

मला चिडायला हवं होतं. पण मी खिडकीकडे तोंड करून हसत होते आणि डोळे पुसत होते. वेल्स मला नकाशात अजून धड दाखवता येत नाही. पण तिथे माझी पोर एकटी पडणार नाही एवढं समजलं.

घरी पोचलो तर बायका जमल्या होत्या, गाणी सुरू झाली होती. एकीनं कळशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाणी कोणी काढलं गं?"

"मी," म्हटलं. "मुलाकडच्यांची तशीच रीत आहे."