खिळा ठोकायची परवानगी

धाकटी बहीण व्हिडिओ कॉलवर तिचं लिस्बनमधलं भाड्याचं घर दाखवत होती. स्वस्तातलं, एका खोलीचं. तरी घरमालकीणबाईंनी पलंग, हीटर, कढया, अगदी मिठाची बरणीसुद्धा ठेवलेली. मी "छान, छान" म्हणत होते आणि आतून जळत होते. आम्हाला पुण्यात काय मिळालं? बल्ब काढून नेलेले रिकामे होल्डर आणि घरमालकांची ताकीद, "वहिनी, भिंतीला खिळा ठोकायचा नाही हं!"

तेवढ्यात तिने ड्रॉवर उघडला. "ताई, हे बघ, हातोडी आणि खिळेपण ठेवलेत. म्हणाल्या, हवं ते लाव भिंतीवर."

पलंगाचा हेवा मी गिळलाही असता. हातोडीचा काही गिळवेना. भाडं आम्हीही देतो, पण आमच्या वाट्याला भिंती येतात त्या फक्त बघायला. खिळा ठोकू दिला की माणूस राहायला आला असं होतं. नाहीतर तो नुसता थांबलेला असतो.

मग तिने फोन फिरवला. भिंतीवर आमचे बाबा, मधोमध, हसत. तोच फोटो माझ्याकडे फ्रिजवर टेकवून ठेवलाय.

कॉल संपल्यावर मी फ्रिजचं दार जरा जोरातच लावलं. बाबा पालथे पडले.